कपाळावरचं रगत
हळदीचा डबा उघडला की आमच्या भाटघरच्या देवळापुढचा सिनेमाचा पडदा आठवतो. आमच्या गावात काढलेला जुना सिनेमा दिग्दर्शक नव्यानं सुधारून दाखवायला आले होते. मूळ चित्रीकरणात "खरं वाटलं पाहिजे" असं त्यांनी बजावल्यावर गावातल्याच गड्यानं त्यात काम करणाऱ्या मामांना खरोखरच काठी हाणून कपाळ फोडलं होतं. सुधारलेल्या सिनेमात मामांच्या कपाळावरचं रक्त पुसलेलं होतं. मामा उठले. "माझं रगत कुठं गेलं?" दिग्दर्शक हसून म्हणाले, "लोकांना बघवत नाही हो, म्हणून काढलं." मामांनी त्यांच्या डोक्यात काठी घातली आणि रक्ताची धार लागल्यावर शांतपणे म्हणाले, "आता हेबी काढा." आईनं धावत येऊन दिग्दर्शकांच्या जखमेत हळद दाबली. मोबाईलवर तो सिनेमा अजून आहे, मामांचं कपाळ त्यात कोरं आहे. मामांना शेवटची आंघोळ घालताना माझं बोट त्या वणावर थांबलं.