हिम्मतराव ‘चांगलं’ म्हणाले

हैदराबादच्या बेगम बाजारात तीस वर्षं मिरचीची घाऊक खरेदी करणारे आमचे हिम्मतराव कुठल्याच मालाला चांगलं म्हणत नसत. चांगलं म्हटलं की भाव चढतो, हा धंद्याचा नियम. तो त्यांनी घरातही लागू केला होता. भामाबाईंना बघायला गेले तेव्हाही निघताना नुसतं "बघू" म्हणाले होते.

त्यांचं लिव्हर निकामी झालं. कुणा अनोळखी मृत माणसाच्या घरच्यांनी दिलेलं लिव्हर बसवलं. ऑपरेशन झकास. पाचव्या दिवशी भामाबाईंनी दवाखान्यातला बिनमिठाचा उपमा भरवला.

"चांगलाय," हिम्मतराव म्हणाले.

भामाबाईंच्या हातातला चमचा तिथंच थांबला.

दवाखाना मात्र खूश. अभिप्रायाच्या फॉर्ममधल्या प्रत्येक प्रश्नाला पेशंट "हौ" म्हणाला होता, पाचही तारे. हिमायतनगरहून आलेल्या दत्तोबांना, म्हणजे भामाबाईंच्या भावाला, गहिवरून आलं. "ताई, ज्याचं लिव्हर मिळालं ना, तो माणूस सज्जन असणार. नशीब काढलंस!"

"कसलं नशीब? माझा माणूस हरवलाय, दत्तू!"

त्यांनी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर हसले. "नाव, गाव, वार, सगळं बरोबर सांगतात, अम्मा."

"सकाळपासून चारदा चांगलं म्हणालेत. लिहून घ्या."

बाईंच्या समाधानासाठी डॉक्टरांनी हिम्मतरावांना कागदावर घड्याळ काढायला लावलं. हात थरथरत होता. बाराचे बारा आकडे एकाच बाजूला दाटीवाटीनं बसले.

"कसं आलंय घड्याळ?"

"चांगलं."

डॉक्टरांचं हसू गेलं. लगेच डोक्याचा स्कॅन, रक्ताची तपासणी. शरीरानं नवं लिव्हर नाकारू नये म्हणून दिलेलं औषध रक्तात जास्त झालं होतं आणि मेंदूला त्रास देत होतं. डोस कमी केला.

"पहिल्यासारखे होतील ना?" भामाबाईंनी विचारलं.

"बघू," डॉक्टर म्हणाले. तो शब्द आयुष्यात पहिल्यांदाच भामाबाईंना टोचला.

तीन दिवस हिम्मतराव सगळ्याला चांगलं म्हणत राहिले. चौथ्या सकाळी उपम्याचा घास तोंडात घोळवला आणि कपाळाला आठी घातली.

"रवा जाडा आहे. कुणी गळ्यात मारला हा?"

"गप खा," म्हणत भामाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. दत्तोबा तेवढे जरा हळहळले.

हिम्मतराव आता घरी आहेत. हात अजून थोडा थरथरतो. भामाबाई रोज मुद्दाम जाड्या रव्याचाच उपमा करतात, आणि पहिला घास भरवून त्यांच्या कपाळाकडे बघत बसतात.