माझे डबे आणि माझे चुलतसासरे

माझ्या चुलतसासऱ्यांइतका संशयी माणूस हैदराबाद आणि सिकंदराबाद अशी दोन्ही शहरं धुंडाळली तरी दुसरा सापडला नसता. त्यांचा देवावर विश्वास होता, रेल्वेवर बऱ्यापैकी होता, पण स्वयंपाक करणाऱ्या माणसावर अजिबात नव्हता. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर आणि काकी गेल्यावर ते आमच्याकडे विद्यानगरला राहायला आले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी वरणाची वाटी उजेडाकडे धरून बघितली आणि विचारलं, "सूनबाई, डाळ कुठली?" मी दुकान सांगितलं. म्हणाले, "तो खडे विकतो. वजन भरायला त्यात थोडी डाळ टाकतो." मग वरण संपवलं, आणखी मागून घेतलं आणि चांगलं झालंय असं एका शब्दानेही म्हणाले नाहीत. पुढे मी त्याची वाट बघणं सोडून दिलं. मला रोज शाळेत शिकवायला जायचं असे, पावती मागत बसायला वेळ नव्हता.

घराबाहेर तर विचारायलाच नको. नारायणगुड्याच्या एका कोपऱ्यावर मिरची भज्यांची बंडी लागायची; हैदराबादेत हातगाडीला बंडी म्हणतात. काका आधी त्या बंडीला प्रदक्षिणा घालत. वाकून तेलाचा डबा बघत, कढईवर तळहात धरत, मग एक भजं घेऊन त्याचं पोट उघडत आणि आतलं चिंच-तिळाचं सारण बोटावर घेऊन तपासत. एकदा भजीवाला वैतागून म्हणाला, "चचा, खाने आए कि पोस्टमार्टम करने?" काका म्हणाले, "पैले पोस्टमार्टम, बाद में दफन," आणि भजं तोंडात टाकलं. इराण्याकडे गेले की उस्मानिया बिस्किट चहात बुडवून ते किती धीर धरतं ते बघत आणि त्यावरून लोणी की डालडा हे ठरवत. ते दारात दिसले की तिथला वेटर मुदपाकखान्यात काहीतरी काम काढी.

नव्वदीच्या दशकात बाजार खुला झाला आणि काकांच्या संशयाला रानच मोकळं मिळालं. काचेच्या दारांच्या बेकऱ्या आल्या, परदेशी सरबतं आली, संध्याकाळी रस्त्याकडेला लाल अक्षरांच्या चायनीज बंड्या दिसू लागल्या. आमच्या मुलाने एकदा मोठ्या हौसेने मंचुरियन आणलं. काकांनी त्या गोळ्याला चमच्याने दोनदा ढकलून बघितलं आणि विचारलं, "चीनमधल्या एखाद्या माणसाला हे दाखवलंय का?" मुलगा रुसला. काकांनी ते खाल्लं मात्र, अगदी शेवटच्या गोळ्यापर्यंत. पुरावा नीट तपासायला हवा म्हणे.

ह्या सगळ्या संशयाच्या मुळाशी त्यांचा एक सिद्धांत होता. चांगलं अन्न दुकानात येतच नाही. जो माणूस बाहेर भजी विकतो तो घरी भजी खात नाही, दुसरं काहीतरी खातो, आणि ते काहीतरी जगापासून लपवून ठेवतो. त्यामुळे कुठल्याही बंडीवर खाऊन झालं की काका हळूच विचारत, "तू घरी काय खातोस?" बऱ्याच जणांना हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारलेला नसे. ते बोलू लागत आणि काका उभ्याउभ्या ऐकत राहत. ह्यातून पुढे काय होत होतं, ह्याची मला बरीच वर्षं कल्पना नव्हती.

मग काकांची साखर वाढली. त्यांची मुलगी, म्हणजे माझी चुलतनणंद, पुण्याला होती. जावई कॉम्प्युटर कंपनीत. आमच्याकडे नुकताच फोन आला होता, त्यावर दर रविवारी तिचा कॉल यायचा. ती म्हणाली, "वहिनी, तुम्हीच लक्ष ठेवा. बाहेरचं खातायत असं कळलं, तर मी येऊन त्यांना कायमचं इकडे घेऊन येईन." काका पलीकडच्या खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पान बराच वेळ उलटलं नाही. हैदराबाद सोडायचं म्हणजे त्यांच्या दृष्टीने जिभेला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकणंच होतं.

तेव्हापासून संशय घ्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते मी चोख केलं. काका घरी दोन फुलके आणि दुधी मुकाट्याने खात. हा माणूस मुकाट्याने दुधी खातोय, ह्यातच काहीतरी गडबड होती. रोज चार वाजले की ते उठत, कापडी पिशवी घेत आणि म्हणत, "जरा पाय मोकळे करून येतो." पाय मोकळे करायला पिशवी कशाला लागते? त्यांचा रुमाल धुवायला घेतला की त्याला तळलेल्या लसणाचा वास यायचा. शिवाय घरातले स्टीलचे डबे कमी होत चालले होते. माझ्या लग्नात आलेले, माझं नाव कोरलेले डबे. कॉलेजात डबा विसरतोस म्हणून मी मुलाला झापलं, ऑफिसात ठेवून येता म्हणून ह्यांना झापलं. दोघांनीही आपण तसले नसल्याचं शपथेवर सांगितलं. चिवडाही नेहमीपेक्षा लवकर संपत होता.

एके दिवशी मी त्यांच्या मागोमाग निघाले. ते सिकंदराबादच्या बसमध्ये मागून चढले, मी पुढून, बायकांच्या दाराने. ते उतरले तिथे मीही उतरले. एका अरुंद गल्लीत निळ्या दाराच्या घरासमोर त्यांनी चपला काढल्या, हक्काच्या घरी काढाव्या तशा. मी थोडं थांबले आणि दार वाजवलं.

दार उघडलं ते एका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाईने. मागे पाटावर काका बसलेले, हातात वाडगा. मला बघून त्यांनी वाडगा खाली ठेवला नाही, एवढं खरं. ती बाई तेलुगू, पण जन्मली रंगूनला. तिथून सगळं सोडून यावं लागलेल्या कुटुंबांतली. तिचा मुलगा स्टेशनाजवळ पुनुगुलूची, म्हणजे इडलीच्या पिठाच्या भज्यांची, बंडी लावायचा. काकांनी त्याला तो नेहमीचा प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर ह्या वाडग्यात होतं: नारळाच्या दुधात, बेसन लावून दाट केलेल्या रश्श्यात शेवया, वर तळलेला लसूण, लिंबू. रंगूनचं खाणं. बाजारात ते कुठेही मिळत नसे. बाईंनी मला बसवलं आणि माझ्यापुढेही वाडगा ठेवला. मी संशयाने एक घास घेतला. मग वाडगा पुसून संपवला.

फळीवर माझा डबा होता. नाव माझ्याकडे तोंड करून. तेव्हा सगळा उलगडा झाला. काका माझ्या डब्यातून माझा चिवडा, शेंगदाण्याची चटणी, कधी पुरणपोळी न्यायचे. दुसऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, हा रिवाज सगळ्यांच्याच घरी असतो. तेव्हा डबा भरून यायचा, ते कुठल्यातरी पायरीवर बसून खायचे आणि माझा चिवडा भरून तोच डबा पुढच्या घरी. अशी किती घरं त्यांनी धरली होती, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्या बाईंना सगळे अम्मा म्हणत. अम्मा मला म्हणाल्या, "अन्नय्या बोलते, हमारे बहू के हाथ का चिवडा पूरे शहर में नई." अन्नय्या म्हणजे मोठा भाऊ. मी काकांकडे पाहिलं. ते लसूण वेचत होते.

येताना बसमध्ये मी एवढंच म्हटलं, की आठवड्यातून एकदा, मला सांगून, आणि त्या रात्री भात नाही. ते म्हणाले, "हौ." दर रविवारी फोनवर मी नणंदेला सांगू लागले, दुधी खातात. ते खोटं नव्हतं. डॉक्टरांचा रिपोर्टही बरा यायला लागला होता.

पण त्या दिवाळीनंतर नणंद न कळवता आली. आठ दिवस काका घराबाहेर पडले नाहीत. दुधी, फुलके, पेपर. नवव्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. काका का येत नाहीत, म्हणून अम्मा काळजीने विद्यानगर शोधत आल्या होत्या, आणि हातात माझा डबा होता, अर्थातच भरलेला. मी पुढे होऊन म्हटलं, माझ्या ओळखीच्या आहेत, माझ्यासाठीच आणलंय. नणंदेने मान डोलावली. सगळं निभावलं होतं. तेवढ्यात मी झाकण जरा उघडलं. काकांनी पेपरामागून नाक वर केलं आणि त्यांच्याने राहवलं नाही.

"अम्मा, आज लसूण जळाला काय?"

नणंद म्हणाली, "म्हणजे एरवी जळत नाही तर."

काका पुण्याला गेले. मी रिपोर्ट दाखवले, ह्यांनी रदबदली केली, नणंद ऐकेना. तिचंही चूक म्हणता येणार नाही, तिला एकच वडील होते. मग दर रविवारी फोनवर तेच यायला लागले. मी अम्मांकडे गेले होते का, रस्सा कसा होता, असं विचारत. चांगला होता म्हटलं की चिडत. "चांगला म्हणजे काय? आंबट पुढे आला की तिखट?" मला ते नीट सांगावं लागे. सांगायचं म्हणून मी नीट जेवायला शिकले. दीडेक वर्षाने एका रविवारी फोन आला तो नणंदेचा होता, आणि ती रडत होती.

त्यानंतर काही महिन्यांनी मी शाळेतून आले तर फाटकावर एक डबा टांगलेला. नाव माझंच. कुणी आणला, शेजारी कुणी पाहिलं नव्हतं. अम्मांचा नव्हता, त्यांचा दोन दिवसांपूर्वीच येऊन गेला होता. झाकण काढलं. आत जर्दाळूचं काहीतरी मटणात शिजवलेलं, वर केशर, आणि एक वास जो मला ओळखता येईना. इराणी घरातलं असावं, किंवा जुन्या शहरातलं. मी वाटी उजेडाकडे धरून बघितली. मग खाल्लं. आंबट पुढे आलं होतं, तिखट जवळजवळ नव्हतंच. रविवार असता तरी ते कुणाला सांगता आलं नसतं.

डबा घासला, पुसला, त्यात चिवडा भरला. कुठलं घर, ते ठाऊक नव्हतं. पण वास लक्षात होता. चार वाजले होते. पिशवी घेऊन मी चपला घालू लागले तसं ह्यांनी विचारलं, कुठे निघालीस.

"जरा पाय मोकळे करून येते," मी म्हटलं.

हे माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिले.