माझ्या चेहऱ्यावरचं तेज आणि कांदा उत्तप्पा

माझा चेहरा जन्मतःच दमलेला आहे.

मी दमलेली नसते, चेहरा दमलेला असतो. आठ तास गाढ झोपून उठले तरी बघणाऱ्याला वाटतं, ही बाई सदलग्याहून बेळगावला चालत आली. माझ्या लग्नात फोटोग्राफरनं चार वेळा कॅमेरा खाली घेऊन विचारलं होतं, "ताई, जरा बसताय काय? पाणी आणू?" आणि मी तेव्हा आयुष्यात कधी नव्हते इतकी खुशीत होते!

बरं, चेहरा असेल तसा असू द्यावा की नाही लोकांनी? पण नाही. मी बेळगावजवळच्या मच्छेतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. आम्ही पंपांचे सुटे भाग बनवतो. गेल्या वर्षी खराब निघणारा माल कमी करायची एक नवी पद्धत मी बसवली. मी एकटीनं! ती बघायला शुक्रवारी पुण्याहून मोठी गिऱ्हाईक मंडळी येणार होती, त्यांच्यासमोर प्रेझेंटेशन मी करणार होते, आणि ते नीट झालं तर विभागाची प्रमुख मीच, असं आमचे चौगुले साहेब स्वतःच्या तोंडानं बोलले होते.

आणि मंगळवारी तेच साहेब माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "मॅडम, तब्येत बरी न्हाय काय? चेहरा लई उतरलाय. शुक्रवारचं देसाईंना देऊया काय?"

देसाई! सहा वर्षांनी ज्युनियर. दुपारी जेवल्यावर खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपतो. डोळ्यांखाली अशा पिशव्या की बाजार भरून आणावा! त्याला आजवर कुणी विचारलं, "देसाई, बरं वाटत न्हाय काय?" नाही विचारलं! पुरुषाचा चेहरा सुजला की तो 'कामानं' सुजतो. आमचा उतरला की लगेच प्रेझेंटेशन काढून घ्यायचं!

"मी एकदम ठणठणीत हाय, सर," मी म्हणाले.

"व्हय व्हय," साहेब म्हणाले, पण नजर माझ्या डोळ्यांखाली होती.

ऑफिसातल्या पूजानं हे ऐकलं. पोरगी गुणाची. तिनं पर्समधून एक चपटी डबी काढून माझ्या हातात ठेवली. "मॅडम, हायलाइटर हाय. गालाच्या हाडावर, नाकाच्या दांडीवर आणि डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात एकेक ठिपका. बोटानं थापायचं, चोळायचं न्हाय. दोन मिनटांत दहा तास झोपल्यासारखं दिसतंय बघा."

मी ठरवलं, शुक्रवारपर्यंत रोज लावायचं. साहेबांना तिन्ही दिवस ताजीतवानी दिसले पाहिजे!

आता अडचण अशी की ते दिवस पर्वाचे होते. भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व असतं. दहा दिवस, रोज एका धर्माचं चिंतन. पहाटे उठून, अंघोळ करून, सासूबाईंबरोबर बस्तीत (आम्ही जैन मंडळी मंदिराला बस्ती म्हणतो) अभिषेकाला जायचं आणि तिथून तशीच स्कूटर मच्छेला हाणायची. म्हणजे जे काही चेहऱ्याला थापायचं, ते बस्तीत जायच्या आधीच!

बुधवारी पहाटे मी न्हाणीघरातल्या मिणमिणत्या दिव्याखाली डबी उघडली. बाहेरून सासूबाई ओरडल्या, "शैला, आटप गं! अभिषेक सुरू व्हईल!" त्यांना घरीदारी सगळे आक्का म्हणतात आणि त्यांच्या हाकेनं वडगावातल्या विणकरांचे बंद पडलेले मागही चालू होतात. मी दचकले. डबी हातातून निसटली आणि निम्मी पावडर फुटून तळहातावर आली.

आता ही टाकायची कुठं? आमच्या घरात भाताचं शीतसुद्धा टाकत नाहीत. मी सगळी तोंडाला लावली.

बस्तीत सगळीकडं समया तेवत होत्या आणि मी एका खांबाशी हात जोडून उभी होते. शेजारी चौगुले आजी. म्हणजे आमच्या साहेबांच्या मातोश्री. त्यांनी माझ्याकडं बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अय्यो! एष्टु चंद!" म्हणजे, किती सुंदर! आजींना गहिवरून आलं की त्या कानडीत शिरतात. "आक्का, सुनेचं तोंड बघ गं तुझ्या! काय तेज आलंय! उपास धरलाय व्हय हिनं?"

मी 'न्हाय' म्हणायला तोंड उघडलं. देवाशप्पथ उघडलं होतं! पण तेवढ्यात आक्कांनी माझ्याकडं वळून बघितलं आणि मला त्यांचा हिशोब डोळ्यांदेखत जुळताना दिसला.

हिशोब असा. आमच्यात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. मी घरी येते तेव्हा सूर्य केव्हाच मावळलेला असतो. एरवी मी स्वयंपाकघरात गुपचूप दोन घास खाते आणि आक्का तेवढा वेळ भिंतीकडं बघतात. पण पर्वात घरात असलं काही चालायचं नाही, म्हणून मी रात्री जेवत नव्हते. सकाळी वेळ नाही, म्हणून नाश्ता नाही. पर्वाचं शुद्ध जेवण आक्कांना पहाटे उठून करावं लागेल, म्हणून डबा नको, असंही मीच सांगितलेलं. थोडक्यात, सोमवारपासून आक्कांनी मला पाण्याशिवाय काही घेताना पाहिलंच नव्हतं.

मी काय खात होते? सकाळी साडेआठला कँटीनमध्ये कांदा उत्तप्पा. पाच वाजता, सूर्य मावळायच्या आत (नियम म्हणजे नियम!), आणखी एक कांदा उत्तप्पा. पर्वात कांदा खात नाहीत, हे मला माहीत आहे. कृपया कुणी सांगू नये.

"सोमवारपास्नं न्हाय खाल्लेलं लेकरानं," आक्का म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि मला एका शब्दानं बोलली न्हाय. मुक्यानं धरलाय उपास!"

अकरा वर्षांत आक्कांनी माझं कौतुक एकदाच केलं होतं, तेही लोणच्याच्या बरणीवर मी चांगल्या अक्षरात 'लोणचं' लिहिलं म्हणून. इथं तर पन्नास बायकांसमोर त्यांनी माझी अलाबला घेतली, कडाकडा बोटं मोडली. तुम्ही असता तर बोलला असता? मी गप्प बसले.

एवढं एकच चुकलं माझं. बाकी सगळं त्या तेजानं केलं.

त्या संध्याकाळी घरी आले तर गल्लीतल्या चार बायका माझ्या पाया पडायला बसलेल्या. आक्कांनी मला केर काढू दिला नाही, पाण्याची कळशी उचलू दिली नाही. "दहा पुरे करायचेत तिला," त्या अभिमानानं सांगत होत्या. नवऱ्याला बाजूला घेऊन मी खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "मी ह्यात न्हाय." आणि गेला तो थेट फ्लेक्सवाल्याकडं, कारण आक्कांनी त्याला पाठवलंच होतं! दहाव्या दिवशी माझा सत्कार. फ्लेक्सवर मजकूर वर कानडीत, खाली मराठीत, आणि मध्ये माझा लग्नातला फोटो.

गुरुवारी मी शहाणपणानं काहीच लावलं नाही. तर आक्का तोंडाजवळ दिवा आणून म्हणाल्या, "आज उतरलंय तोंड. झेपत नसलं तर सोड बाई उपास. देव काय रागवत न्हाय."

बघा! सुटकेचं दार देवानं सताड उघडलं होतं. आणि मी काय केलं? पन्नास बायका आज तेज शोधणार, या विचारानं न्हाणीघरात गेले आणि उरलेली निम्मी डबी थापून बाहेर आले! (उपास करणाऱ्या बाईनं नटूथटू नये असा नियम आहे. तोही मोडला.)

त्या दिवशी पाचच्या सुमाराला ऑफिसात चौगुले साहेब धावत आले. हो, धावत! आणि हात जोडून उभे राहिले. "मॅडम! आईनं सांगितलं. चार उपास! नुसत्या पाण्यावर! आणि स्कूटरवरनं मच्छेपर्यंत येताय? बसा, बसा. आता शुक्रवारचं टेन्शन घेऊ नका. देसाई करतील."

"सर, मी करू शकते..."

"चक्कर बिक्कर आली तर पाप कुणाला लागायचं? मला!"

म्हणजे ऐका! चेहरा उतरला, तरी प्रेझेंटेशन देसाईला. चेहऱ्यावर तेज आलं, तरी प्रेझेंटेशन देसाईला! मग बाईनं चेहरा न्यायचा तरी कुठं? घरी ठेवून यायचं काय?

माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, नेमका त्याच वेळी कँटीनचा अण्णा ताट घेऊन हजर. "मॅडम, तुमचा उत्तप्पा. कांदा जास्त."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

"देसाईंचा हाय तो," मी म्हणाले.

शेजारच्या टेबलावरच्या देसाईनं 'मी कधी मागवला?' असंसुद्धा विचारलं नाही! चटणी मागून घेऊन त्यानं तो शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. माझं प्रेझेंटेशन आणि माझा उत्तप्पा, दोन्ही एकाच संध्याकाळी! मी खरोखर उपाशी घरी गेले.

शुक्रवार उजाडला. पर्वाचा पाचवा दिवस, उत्तम सत्य. पंडितजींनी सत्यावर प्रवचन सुरू केलं. डबीचा तळ खरवडून लावलेलं तोंड घेऊन मी पहिल्या रांगेत बसले होते, कारण आता मला पहिल्या रांगेतच बसवत होते. एका बाजूला आक्का, दुसऱ्या बाजूला चौगुले आजी. पंडितजी म्हणाले, असत्य लपत नाही. मला दरदरून घाम फुटला.

"थकलं गं लेकरू," आक्का पुटपुटल्या आणि पांढऱ्याशुभ्र पदरानं त्यांनी माझं तोंड पुसलं.

पदरावर माझा अख्खा गाल उमटला. सोनेरी, चमचमता.

आक्कांनी पदर बघितला. आजींनी पदर बघितला. आजींनी त्यावर बोट घासून बोटही बघितलं. मागच्या रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. मला दिसत होतं की अजूनही एखादी थाप खपेल. पण त्याच वेळी डोळ्यांसमोर देसाई आला. माझी पद्धत, माझे आकडे, आणि पुढं उभा राहून जांभई देणारा देसाई! आणि माझा संयम सुटला.

"मी जेवतोय!" मी ओरडले. (आमच्याकडं बायकाही चिडल्यावर 'जेवतोय, आलोय'च म्हणतात.) "रोज जेवतोय! दोन टाइम जेवतोय! हे तेज बिज काय न्हाय, डबीतली पावडर हाय! आजी, आत्ताच्या आत्ता तुमच्या लेकाला फोन लावा आणि सांगा, शैला धडधाकट हाय, तिला चक्कर येणार न्हाय!"

पंडितजी थांबले. सत्यावर बोलायला त्यांच्याकडं आता काही उरलं नव्हतं.

आक्कांनी पदराची घडी घालून डाग आत दडवला. मला त्यांच्याकडं बघवेना. पन्नास बायकांसमोर मिरवलेला अभिमान मी पन्नास बायकांसमोरच मातीत घातला होता, आणि याची लाज मला आजही वाटते.

शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "काय खाल्लंस?"

"उत्तप्पा."

"साधा?"

काय सांगू! एवढं सगळं खरं बोलून झाल्यावर तिथंच जीभ अडली. "कांदा," मी म्हणाले.

आक्कांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "जा. कामावर जा. उशीर व्हईल." चार पावलं गेल्यावर मागून आवाज आला, "दहाव्या दिवशी एक उपास करायचा. खरा. आणि कुणाला सांगायचा न्हाय!"

आजींनी तिथल्या तिथं लेकाला फोन लावला. त्या काय बोलल्या ते सगळं कानडीत होतं, पण मी ऑफिसात पोचले तेव्हा साहेब दारात उभे होते आणि देसाईच्या हातात माझी फाइल नव्हती. नळाखाली तोंड खसाखसा धुऊन मी तशीच पाहुण्यांसमोर उभी राहिले. जे काही डोक्यात खदखदत होतं, ते सगळं त्या आकड्यांमधून बाहेर काढलं. चाळीस मिनिटं! पुण्याची मंडळी वहीत लिहून घेत होती. देसाईसुद्धा जागा होता!

नंतर साहेब म्हणाले, "मॅडम, काय तेज होतं हो आज चेहऱ्यावर! उपास नसताना!"

तो राग होता! निव्वळ राग! पण मी विभागाची प्रमुख झाले होते, म्हणून 'थँक्यू सर' म्हणाले. तेव्हापासून ऑफिसला निघताना मी डबीबिबीच्या भानगडीत पडत नाही. एक मिनिट देसाईला आठवते. आरसा लागत नाही आणि पदराला डाग पडत नाही.

फ्लेक्स मात्र छापून आला होता. तो आता माझ्या स्कूटरवर पावसाचं झाकण म्हणून असतो. फ्लेक्सवाल्यानं फोटो इतका उजळ केलाय की मला तिथं पाहून कुणी तब्येत विचारत नाही.

दहाव्या दिवशी मी उपास केला. खराखुरा, निर्जळी. उत्तप्पाच काय, पाण्याचा थेंबसुद्धा घेतला नाही. पोटात खड्डा, पायात गोळे, आणि तोंडाला काहीही न लावता मी बस्तीत त्याच खांबाशी उभी राहिले. म्हटलं, आज तरी थोडं तेज येईल. आज तर खरं आहे!

चौगुले आजी जवळ आल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्या गालावरून एक बोट फिरवून ते उजेडात धरून तपासलं. मग माझ्या चेहऱ्याकडं कितीतरी वेळ बघून हळहळत म्हणाल्या,

"तोंड बघ गं कसं सुजलंय. शैला, उत्तप्पा जरा कमी खात जा बाई!"