सोफ्याखालची फळी

मुलीकडच्या पाहुण्यांना बोटीत कांदेपोहे द्यायचे, ही अक्कल माझ्या धाकट्या दिराची. सुप्याला जाऊन त्यांनी मुलगी पाहिली होती, पसंतही केली होती. आता तिच्या घरचे आमचं घर बघायला भिगवणला येणार होते आणि मुलगीही सोबत येते म्हणाली होती. सगळं जग पाहुण्यांना घरच्या सोप्यात बसवतं. आमच्या भावजींना ते धरणाच्या पाण्यावर, फ्लेमिंगोंच्या साक्षीनं बसवायचे होते.

बोट तशी जुनी, फायबरची, मोटार लावलेली. ऊस आम्हाला आहेच, पण थंडीत पुण्या-मुंबईची माणसं पक्षी बघायला येतात, त्यांना फिरवायला भावजींनी ती कुणाची तरी वापरलेली घेतली. पुढे प्री-वेडिंगचे फोटो काढणारी जोडपी यायला लागली, तसा त्यांनी एका मंडपवाल्याकडून लग्नाच्या स्टेजवरचा लाल मखमली सोफा उचलून आणला. सोनेरी हात, हातांना सिंहाची तोंडं. तो बोटीत बोल्टांनी आवळून टाकला. सासूबाईंना त्या सोफ्याचा फार अभिमान. कुणी आलं की आधी सोफा दाखवायच्या, मग नातवंडं.

तर त्या दिवशी मुलगी आणि तिचे वडील सोफ्यावर, बाकीचे कडेच्या फळ्यांवर, आणि पोह्यांचा ट्रे घेऊन मी. दोन पावलं टाकली असतील. तिसऱ्याला खालची जमीन ओल्या पावासारखी दबली आणि माझा उजवा पाय नडगीपर्यंत आत गेला. बुडायची भीती नव्हती. बोटीचं खरं बूड फायबरचं, ते खाली शाबूत होतं. आपण चालतो ती वरची जमीन वेगळी, लाकडी फळीवर फायबर चढवलेली, आणि तीच फुटली होती. पण मी पडले. पोहे हवेत उडाले, आणि बोटीमागे घिरट्या घालणाऱ्या पाणपक्ष्यांनी ते पाण्यात पडायच्या आत टिपले. पाहुण्यांच्या आधी पोहे त्यांनी खाल्ले.

पायाला खरचटलं होतं. ते राहू दे. पण भावजी पाहुण्यांकडे वळून काय म्हणाले असतील?

"घाबरू नका पाव्हणं. बोट मजबूत हाय. आमच्या वैनीचंच जरा वजन हाय."

सगळे हसले. माझा नवरासुद्धा हसला. त्याचा हिशेब मी घरी चुकता केला, तो इथे सांगायचा नाही.

सैर अर्धवट सोडून पाहुणे गेले आणि जाताना "कळवतो" म्हणाले. आमच्याकडे "कळवतो" म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. झालं, सगळं खापर माझ्या डोक्यावर. भावजयीनं बोट फोडली, दिराचं लग्न मोडलं. दूध घालायला गेले तर डेअरीवर बायका माझ्याकडे वरून खाली बघायच्या. सासूबाई ताटात दुसरी भाकरी वाढताना हात आखडता घ्यायला लागल्या. माझा संताप संताप झाला. वजन आहे माझं, नाही कोण म्हणतं? पण काटेवाडीला माहेरी माझ्याहून थोराड म्हैस रोज लाकडी फळीवरून ओढा ओलांडायची. ती फळी कधी मोडली नव्हती.

मी भावजींना म्हटलं, "जमीन उकला. खाली काय हाय ते मला बघायचंय."

"वैनी, फायबर हाय ते. फायबर कुजत न्हाय."

"मग भोक तसंच ठेवा. त्याच्यात तुळस लावा."

शेवटी ट्रॅक्टरला जोडून बोट अंगणात आणली. सोफा सोडवला, कटरनं कडा सोडून जमीन कापली आणि पहारीनं उचकटली. फायबरचा वरचा थर आख्खा निघाला. त्याच्याखालची फळी मात्र जागोजागी हातानं उपसावी लागली, मळीसारखी काळी आणि कुबट. सगळी कुजली नव्हती. जिथे सोफ्याचा एकेक बोल्ट घातला होता, तिथे तिथे काळं वर्तुळ होतं आणि तिथून कूज बाहेर पसरत गेली होती. भोकं पाडली, पण ती बुजवायची असतात हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. दर पावसाचं, दर लाटेचं पाणी त्या भोकांतून आत गेलं. बोट तरंगावी म्हणून फळीखाली भरलेला स्पंज इतका पाणी प्यायला होता की पिळला तर बादली भरली.

मी तो स्पंज भावजींच्या हातात दिला. "घ्या. माझं वजन."

भावजींनी तो पाठीमागे लपवला. इकडे तिकडे बघून म्हणाले, "हे कुणाला सांगू नका वैनी. सोफा माझा हाय."

म्हणजे बघा. सोफा त्यांचा आणि बदनामी माझी.

नवी जमीन करायला मग आम्ही दोघंच लागलो. जमीन पेलणारे खालचे लाकडी दांडे खरवडले, एक कुजका होता तो बदलला, सगळं उन्हात कडकडीत वाळू दिलं. पुठ्ठ्याचा साचा कापून त्याबरहुकूम पाण्यात टिकणारं प्लायवूड कापलं. त्याला दोन्ही बाजूंनी, कडांनाही, राळ पाजायची आणि वरून काचेच्या धाग्याचं कापड चिकटवायचं. राळेत हार्डनर मिसळला की ती घट्ट होते. मी म्हटलं, दुपारचं ऊन आहे, विरजण उन्हाळ्यात कमीच लावतात. भावजी म्हणाले, "वैनी, हे दही न्हाय." आणि लवकर आटपावं म्हणून दुप्पट ओतला. बादली तापली, धूर निघाला, आणि बघता बघता राळेचा दगड झाला. ब्रश त्यात उभाच्या उभा. सासूबाई धुराला घाबरून देवापुढे जाऊन बसल्या. मी मात्र पोट धरधरून हसले. दुसरी बादली माझ्या हातानं कालवली.

जमीन झाली. सोफ्याच्या नव्या भोकांत आधी राळ भरली, मग बोल्ट बसवले. आणि सुप्याहून निरोप आला की मुलीला राहिलेली सैर पुरी करायची आहे.

आले. काठावर उभे राहिले. मुलीच्या वडिलांनी बोटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "त्या वैनींना आधी चढू द्या. त्यांना पेललं तर आमाला पेलंल."

आता हसायची माझी पाळी होती, पण मला हसू येईना. जमीन मी माझ्या हातांनी घातली होती, तिच्यावर हत्ती नाचला असता. तरी मी पाण्याच्या कडेला पाय रोवून उभी राहिले.

"मी चढत न्हाय," मी म्हटलं. "भावजींनी आधी सांगावं, फळी कशानं मोडली ते."

सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. नवरा आकाशात पक्षी शोधायला लागला. भावजींचा चेहरा उतरला. एकदा मुलीकडे, एकदा सोफ्याकडे, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, आता हा काहीतरी थाप मारणार आणि मी इथून सरळ घरी चालत जाणार. लग्न मोडलं तर मोडलं.

"कुजली हुती," ते म्हणाले. आवाज एवढा बारीक की मी म्हटलं, मोठ्यानं. "फळी कुजली हुती! सोफ्यासाठी भोकं म्या पाडली, बुजवली न्हाईत, पाणी आत गेलं. वैनीचा काय दोष न्हाय. म्या उगं त्यांच्यावर ढकललं."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मुलीचे वडील खाकरले आणि त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली. "मी सोफ्यावरच बसले व्हते की. पायाखाली जमीन दबत व्हती आणि बोल्ट डुगडुगत व्हता. आमचं वडील न्हाय म्हणून कळवाया निघालं व्हतं, मीच थांबवलं. म्हटलं, खरं कोण कवा बोलतंय ते बघू."

मग कुणाची वाट न बघता ती साडी सावरून बोटीत चढली, सोफ्याला वळसा घालून मधोमध उभी राहिली आणि तिनं माझ्याकडे हात पुढे केला.

"या, जाऊबाई. पाय जपून न्हाय, दणकून टाका."