साडूभाऊ वाहत जातात

आयुष्यात एकदाही रस्ता न चुकलेला माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो माझा साडू आहे. आता यावरून त्यांना रस्ते माहीत आहेत असा अर्थ मात्र कुणी काढू नये. आमच्या कर्जतच्या चारफाट्यावर उभं राहून हवा तो फाटा त्यांनी पहिल्या फटक्यात पकडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. पण गाडी जिथे थांबेल तिथे ते ऐटीत उतरतात, कमरेवर हात ठेवतात, गावावर एक नजर फिरवतात आणि म्हणतात, "हितंच तर यायचं व्हतं!" या वाक्यापुढे कोणाचं काय चालणार? मोबाइलमधली बाई 'यू टर्न घ्या, यू टर्न घ्या' म्हणून घसा कोरडा करते, तेव्हा साडूभाऊ तिला मायेने समजावतात, "बाई, तुमी नव्या हाय हितं. आमचा जन्म हितं गेला."

एकदा लोधिवलीच्या लग्नाला म्हणून आम्ही दोन्ही कुटुंबं त्यांच्या गाडीतून निघालो आणि रसायनीच्या लग्नात जेवलो. मांडवात नवरा अनोळखी, नवरी अनोळखी, फलकावरची आडनावं अनोळखी. माझी बायको माझ्या दंडाला चिमटे काढत होती. तोवर साडूभाऊ थेट वरमाईपर्यंत पोचलेले. त्यांनी अक्षता टाकल्या, रुसून बसलेल्या एका मामाची समजूत काढली, पंक्तीत फिरून लोकांना आग्रहाने जिलब्या वाढल्या, आणि निघताना मुलीच्या बापाने त्यांना मिठी मारून डोळे पुसले. "तुम्ही होतात म्हणून निभावलं," तो म्हणाला. गाडीत बसल्यावर साडूभाऊंनी आमच्याकडे असं पाहिलं, की लोधिवलीचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही.

त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचा पंप जळला की तो उतरवून आणायचा, तांब्याची तार नव्याने भरायची आणि पुन्हा बसवून द्यायचा, हा धंदा. खालापुराकडच्या एका वाडीत ते असेच पंप काढायला गेले आणि शेजारच्यांच्या विहिरीत उतरले. वर आले ते पंपाऐवजी चिखलाने माखलेली तांब्याची घागर घेऊन. ती घागर सुनेने माहेरी पोचवली, असा त्या घरच्या म्हातारीचा कित्येक वर्षांचा दावा होता. त्या दिवशी म्हणे सासू-सुना पहिल्यांदा एका ताटात जेवल्या. ज्याचा पंप जळला होता तो बिचारा दुपारभर आपल्या विहिरीच्या काठावर वाट बघत बसला होता, पण त्याची दखल इतिहासाने घेतली नाही.

आणि आमच्या सासूबाई सांगत त्यावर विश्वास ठेवायचा तर हे गृहस्थ मुळात नेरळला भलतीच मुलगी बघायला निघाले होते. आमच्या सासुरवाडीच्या ओसरीवर येऊन बसले, पोहे खाल्ले, पुन्हा मागून घेतले आणि मुलगी पसंत असल्याचं सांगून मोकळे झाले. ती मुलगी म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची ताई. नेरळच्या त्या घरी त्या दिवशी पोह्यांचं काय झालं याचं मला नेहमी कुतूहल वाटतं. असो. ते तेव्हा सरळ नेरळला गेले असते तर मला साडूच मिळाला नसता, आणि माझं आयुष्य फार वेळच्या वेळी आणि फार कंटाळवाणं गेलं असतं.

या स्वभावाचं मूळ पेज नदीत आहे असं माझं मत. साडूभाऊंचं गाव तिच्या काठी. नदीच्या वरच्या अंगाला वीजघर आहे. तिथे वीज करायला घेतली की पाणी सोडतात आणि नदी भरून धावायला लागते. वीज थांबली की पाणी उतरतं आणि नदी गुडघ्याएवढी होते. काठावरची पोरं ट्रकच्या ट्यूबमध्ये बसून या पाण्यावर स्वतःला सोडून देतात. हातपाय मारायचे नाहीत, घाबरायचं नाही. वर पाणी बंद झालं की जिथे असू तिथे उभं राहायचं आणि काठाकाठाने घरी चालत यायचं. वाहत्या पाण्याशी भांडू नये, ते आपणहून थांबतं, ही शिकवण साडूभाऊंच्या हाडात मुरलेली आहे.

तर अशा माणसाच्या कानावर ती समुद्रातली बातमी जायला नको होती. कर्जतकडे मुंबईवाल्यांचे फार्महाऊस आता माळावरच्या गवतासारखे उगवले आहेत. अशाच एका फार्महाऊसच्या पोहण्याच्या तलावाचा पंप दुरुस्त करताना साडूभाऊंनी पाहिलं, की काही माणसं पाठीला हवेचे सिलिंडर बांधून तळाशी निवांत बसली आहेत. शिकवणाऱ्याने साडूभाऊंना सांगितलं, की समुद्रात याचा एक खास प्रकार असतो. होडीतून प्रवाहात उतरायचं, पोहायचं नाही, पाणी नेईल तिकडे जायचं, आणि वर येऊ तिथे होडी आपल्याला घ्यायला येते. साडूभाऊंच्या हातातला पाना खाली पडला. जिथे पोचू तेच पोचायचं ठिकाण! हा खेळ जगात आपल्याकरताच काढलाय अशी त्यांची खात्री पटली, आणि मग आमची धडगत राहिली नाही.

आम्ही म्हणजे मी, नेरळचे टाइल्सवाले रफीकभाई आणि कोर्टात कधी न हरलेले, निदान स्वतःच्या मते न हरलेले, प्रधान वकील. त्या तलावात आम्ही रीतसर शिकलो. वकिलांच्या पोटाला बसेल असं जाकीट मिळेपर्यंत दोन रविवार गेले. मग मालवण गाठलं. साडूभाऊ गाडी चालवत होते, त्यामुळे साहजिकच कोकणातला सरळ रस्ता सुटून वाटेत कोल्हापूर लागलं. "देवीला सांगून जायला नको का रं?" असं म्हणून त्यांनी आम्हालाच खजील केलं. समुद्रात दोन-तीन दिवस सराव झाला, आणि मग तो खरा दिवस उजाडला.

आम्हाला पाण्याखाली नेणारा बाबी नावाचा काळासावळा, हसरा मालवणी जवान होता. होडीत बसल्यावर त्याने सगळं नीट समजावलं. खाली खडकांची एक लांबच लांब रांग आहे, तिच्या कडेकडेने प्रवाह आपल्याला नेईल, रांग संपते तिथे खडकाला धरून थांबायचं. "थयसर माका सोडून खंय जाव नकात. फुडे पाणी भायर दर्यात ओढता."

"हे पाणी बंद कधी करतात?" साडूभाऊंनी विचारलं.

बाबीला वाटलं हे भरतीओहोटीबद्दल विचारतायत. "दुपारी थांबता वायच," तो म्हणाला.

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. ती मान मला तेव्हाच कळायला हवी होती.

पाण्याखालचा पहिला भाग मी जन्मात विसरणार नाही. खडक आपोआप मागे सरकत होते, पिवळे मासे बाजूने येऊन चौकशी करून जात होते, आणि साडूभाऊ पोटावर हात बांधून, जेवणानंतर पडवीत लवंडल्यासारखे आडवे वाहत होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते तोंड मिटून होते. मला ते देखणे वाटले, हे खरं सांगतो. मग खडकांची रांग संपली. बाबीने हाताने थांबायची खूण केली. वकिलांनी खडकाला अशी मिठी मारली की जणू तो त्यांचा अशीलच असावा. रफीकभाईंनी आणि मीही धरलं. साडूभाऊंनी मात्र बाबीला 'असू दे, असू दे' असा हात केला आणि अलगद पुढे निघून गेले. माझी आणि साडूभाऊंची जोडी लावलेली होती आणि जोडीदाराला सोडायचं नाही असं शिकवलं होतं. एवढं एकच मी नेमकं लक्षात ठेवलं होतं. मीही हात सोडला.

आम्ही वर आलो तेव्हा होडी कुठेच नव्हती. किनारा म्हणजे पेन्सिलीने ओढलेली रेघ. लाट आली की तीही पुसली जायची. फुगवलेल्या जाकिटांमुळे आम्ही तरंगत होतो, बुडण्याची भीती लगेच नव्हती, पण पाणी आम्हाला त्या रेघेपासून लांब लांब नेत होतं. "घाबरू नको रं," साडूभाऊ म्हणाले. "दुपारी बंद करतात. मग आरामात जाऊ."

"अहो साडूभाऊ, कोण बंद करतं?" मी ओरडलो. "हा समुद्र आहे! वर वीजघर नाहीये!"

 सूर्य डोक्यावर आला, थोडा कललाही. पाणी काही थांबेना. त्यांनी एकदा पाय खाली सोडून पाहिला, जमीन लागते का म्हणून. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण त्यानंतर त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आपल्या जाकिटाची दोरी त्यांनी माझ्या जाकिटात ओवली आणि थंड पडलेल्या बोटांनी गाठ मारली. "सापडलो तर दोघं सापडू," ते म्हणाले. आणि मग खाली बघत, कधी नव्हे एवढ्या बारीक आवाजात, "अरं, चुकलो मी. तुला उगाच घेऊन आलो. तुझ्या बायकोला काय तोंड दाखवू?"

समुद्राला मी तोवर जेमतेम पुरून उरलो होतो. या वाक्यापुढे मात्र माझा टिकाव लागेना. हा माणूस चुकू शकतो, म्हणजे आता आपण मरणार, असा साधा हिशेब माझ्या मनाने केला. मी घाईघाईने म्हणालो, "चुकलो कसले? इथेच तर यायचं होतं आपल्याला!" दात वाजत असल्याने ते वाक्य काही त्यांच्यासारखं आलं नाही. त्यांनी फक्त माझा खांदा थोपटला. त्यांना माझा धीर खोटा वाटतोय हे मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांना. मग आम्ही जाकिटाच्या शिट्ट्या फुंकत राहिलो.

आम्हाला शोधलं ते रफीकभाईंनी. आम्ही हात सोडल्याबरोबर बाबीने त्या दोघांना वर आणलं होतं, आणि होडी किनाऱ्याच्या बाजूने चकरा मारत होती, कारण पाणी बाहेर ओढायला लागलं की शहाणी माणसं किनाऱ्याकडेच हातपाय मारतात. बराच वेळ गेल्यावर रफीकभाईंनी होडीवाल्याचा हात धरला. "भाऊ, शहाणा माणूस जाईल तिथं शोधताय तुमी. आमचा माणूस तसा नाय. जिकडं कुणी जाणार नाय तिकडं न्या." होडी उघड्या समुद्राकडे वळली, आणि आमची शिट्टी ऐकू आली.

वर ओढून घेतल्यावर रफीकभाईंनी आम्हा दोघांना एकाच टॉवेलात गुंडाळलं आणि अल्लाचे आभार मानले. बाबी रागाने लाल झाला होता, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वकिलांना शांतता सहन होत नाही. ते म्हणाले, "काय मग, साडूभाऊ? इथंच यायचं होतं ना?" आम्ही सगळे हसायच्या तयारीने त्यांच्या तोंडाकडे पाहू लागलो. मी तर हात जोडायचा बाकी होतो.

"नाय," साडूभाऊ म्हणाले. "चुकलो."

परतीच्या वाटेवर त्यांनी मोबाइलमधल्या बाईला बोलू दिलं आणि ती सांगेल तिथे मुकाट्याने वळत राहिले. कोल्हापूर लागलं नाही. आम्ही उजेड असतानाच कर्जतला पोचलो. गाडीतून उतरताना त्यांनी कमरेवर हात ठेवले नाहीत.

तेव्हापासून साडूभाऊ सुधारले आहेत. निघण्याआधी फोन करून खुणा विचारतात. बाजारात पाठवलं तर बाजारातच जातात. ताईने इतकी वर्षं याच्यासाठी देव पाण्यात ठेवले होते, पण परवा ती माझ्या बायकोला म्हणाली, "अगं, हे वेळेवर घरी येतात गं. दारात येऊन उभे राहतात आणि काही सांगायलाच नसतं त्यांच्याकडे."  मलाही कसंसंच झालं. त्या पाण्यातून आम्ही दोघं वाचलो खरे, पण एक माणूस तिथेच राहिला, आणि त्याला आणायला होडी कशी पाठवायची ते मला कळत नव्हतं.

गेल्या आठवड्यात एका साखरपुड्याला आम्ही दोघंच निघालो. कशेळे सोडल्यावर एक फाटा लागतो. साडूभाऊंनी गाडी थांबवली आणि मला विचारलं, "डावीकडं का रं उजवीकडं?"

उजवीकडे जायचं होतं. मला ते पक्कं ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक असणार, कारण उजवीकडच्या निम्म्या विहिरींचे पंप त्यांच्याच हातचे आहेत. पण समुद्रापासून त्यांचा स्वतःवर विश्वास उरलेला नाही.

"डावीकडे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चांगलं टक लावून पाहिलं. मी समोरच्या काचेवरचा डाग बोटाने पुसायला लागलो. काही वेळ गाडी नुसती घुरघुरत राहिली. मग साडूभाऊंनी गिअर टाकला आणि स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. रस्ता लगेच अरुंद झाला, पुढे डांबर संपलं, आणि कुणाचं तरी अंगण दिसू लागलं. अंगणातल्या माणसांनी माना वर करून आमच्याकडे पाहिलं. साडूभाऊंनी आरशात बघून केसांवरून हात फिरवला.