मालविनास, मालवण आणि आमचं बर दुबईचं ऑफिस

एकाच ऑफिसात वर्षानुवर्षं काढली की किस्से आपोआप जमत जातात, ओट्याखाली प्लास्टिकच्या पिशव्या जमतात तसे. वापरात नसतात आणि टाकवतही नाहीत! बर दुबईतलं आमचं शिपिंगचं ऑफिस तसं लहानच, पण त्यात एक अख्खं युद्ध मावतं. दक्षिण अटलांटिकमधल्या दूरच्या बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना लढले, त्याला चाळीस वर्षं उलटून गेली. आमच्याकडे मात्र सीझफायर अजून झालेला नाही. कारण ऑपरेशन्स मॅनेजर ग्रॅहम ब्रिटिश, त्या युद्धात कोवळा खलाशी होता. आणि चार्टरिंग, म्हणजे जहाजं भाड्याने ठरवणं, बघणारा एर्नेस्तो अर्जेंटिनाचा. त्याच बेटांना ग्रॅहम म्हणतो फॉकलंड, एर्नेस्तो म्हणतो मालविनास!

*

भिंतीवरच्या नकाशावर फॉकलंड छापलेलं. एर्नेस्तोने त्यावर मालविनासचं स्टिकर लावलं. ग्रॅहमने ते खरवडलं. याने पुन्हा लावलं, त्याने पुन्हा खरवडलं. शेवटी कागदच फाटला आणि बेटांच्या जागी भिंत दिसायला लागली!

आमचे मालक हमदसाहेब पक्के इमाराती. भोक बघून म्हणाले, "खलास! प्रॉब्लेम सॉल्व्ड."

मग त्यांचं बोट सरकत सरकत आखातावर आलं. तिथल्या तीन बेटांवर यूएई आणि इराण दोघेही हक्क सांगतात.

"लेकिन इधर कोई नाखून नहीं लगाएगा! ये हमारा है."

*

स्टोअर बघणारा सावंत मूळचा मालवणचा, राहतो अजमानला. नवीन होता तेव्हाची गोष्ट. पॅन्ट्रीत एर्नेस्तो टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "मालविनास इज अवर्स!"

सावंतच्या कानात 'मालव' एवढंच शिरलं. चहाचा कप ठेवून ताडकन उठला.

"मालवण तुमचा? कधीपासून रे?"

मी मध्ये पडून सगळा भूगोल समजावला, तेव्हा कुठे तो बसला. दुसऱ्या दिवशी एर्नेस्तोसाठी गावाहून आलेला खाजा घेऊन हजर! "नाव सारख्या, समुद्र सारखो, म्हणजे गाववालोच झालो."

ग्रॅहम खवळला. "सो, इंडिया हॅज टेकन साइड्स!"

"इंडिया नाय साहेब, ओन्ली मालवण!"

*

त्या युद्धात अमेरिका, फ्रान्स ही मित्रराष्ट्रं कशी वागली असतील, हे मला एसीच्या भांडणात कळलं. एर्नेस्तोला अठरा हवं, ग्रॅहमला पंचवीस. हेड ऑफिसहून आलेल्या अमेरिकन ब्रॅडने दोघांच्या खांद्यावर हात ठेवले. "आय ॲम न्यूट्रल. दोघंही माझे मित्र." आणि जाता जाता रिमोट गुपचूप ग्रॅहमच्या ड्रॉवरमध्ये टाकून गेला!

एर्नेस्तोने मग अकाउंट्समधल्या फ्रेंच सिल्वीकडून तिचा जुना टेबलफॅन विकत घेतला. तो लावला की ग्रॅहमचे कागद ऑफिसभर. पण फॅन सारखा बंद पडायला लागला. मागे एक छुपं बटण होतं आणि ते फक्त ग्रॅहमला माहीत!

सिल्वी जराही ओशाळली नाही. "पंखा त्याला विकला, बटण याला दाखवलं. बोथ क्लायंट्स हॅपी!"

*

गणपतीला दोघंही आमच्या अल कुसैसच्या घरी आले. मोदकांच्या ताटापाशी पुन्हा तेच सुरू. माझी मुलगी ईशा वैतागून म्हणाली, "बट अंकल, हू लिव्ह्स देअर?"

"थोडी माणसं," ग्रॅहम म्हणाला, "अँड लॉट्स ऑफ शीप."

"देन जस्ट आस्क देम, ना!"

ग्रॅहमला केवढा आनंद झाला! "ऐकलंस? सेल्फ-डिटर्मिनेशन! तिथल्या लोकांनीच ठरवायचं!"

एर्नेस्तोने मोदक गिळला. "विचारून काय उपयोग? तिथे मेंढ्यासुद्धा यांनीच नेऊन सोडल्यात!"

*

एर्नेस्तोचा थोरला भाऊ त्या युद्धात गेला, हे आम्हाला फार उशिरा कळलं. सक्तीच्या भरतीतला, जेमतेम मिसरूड फुटलेला पोरगा. दफन तिथेच, बेटावर. कितीतरी वर्षं थडग्यावर नाव नव्हतं. डीएनएवरून ओळख पटली, तेव्हा पाटी लागली. आई अंथरुणाला खिळलेली. फोनवर तिचं एकच, "एकदा बघून ये रे."

एर्नेस्तो जाईना. "तिथे उतरलं की पासपोर्ट दाखवावा लागतो. माझ्याच देशात मी पासपोर्ट दाखवू?" असं म्हणायचा आणि फोन ठेवला की जिन्यात एकटाच जाऊन उभा राहायचा.

ग्रॅहम रजेवर गेला. आम्हाला वाटलं, नेहमीसारखा इंग्लंडला. एका दुपारी एर्नेस्तोच्या फोनवर व्हिडिओ आला. सोसाट्याचा वारा, पांढऱ्या क्रुसांच्या रांगा, आणि एका क्रुसापाशी गुडघे टेकून ग्रॅहम रुमालाने पाटीवरचं नाव पुसतोय.

एर्नेस्तोने तो तसाच आईला पाठवला. तिचा व्हॉइस मेसेज आला. स्पॅनिश आम्हाला येत नाही, पण रडणं कळलं.

रजा संपवून ग्रॅहम परतला. एर्नेस्तो उठून त्याच्या टेबलासमोर उभा राहिला.

"पासपोर्ट दाखव."

ग्रॅहमने खिशातून काढून दिला. एर्नेस्तोने पानं उलटत बेटांचा शिक्का शोधला, त्यावरून अंगठा फिरवला आणि पासपोर्ट मिटून परत केला.

"पुढच्या वेळी मला विचारून जा," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या घरी असं न विचारता जात नाहीत."

जन्मात कधी माघार न घेतलेला ग्रॅहम खुर्चीतून उठला.

"सॉरी," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं."