माग थांबवून काढलेली प्रत

जुन्या कॅमेऱ्यांविषयी हल्ली लोक फार हळवे होऊन बोलतात. मला त्या काळाचे वासही आठवतात, त्यामुळे माझा हळवेपणा बेताचा आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सुरतेत, उधन्याच्या एका मराठी शाळेत शिकवत होतो. दोन खोल्यांचं घर होतं आणि फोटो धुण्याची खोली म्हणजे न्हाणीघर. खिडकीला गोधडी, दाराच्या फटीला जुनं धोतर, वर लाल दिवा. निगेटिव्हमधून उजेड पाडून मोठं चित्र काढायचं यंत्र, एन्लार्जर, मी रंगीत फोटोंकडे वळलेल्या एका स्टुडिओवाल्याकडून घेतलं होतं. ते एका स्टुलावर बसायचं आणि औषधांचे तीन ट्रे खाली फरशीवर. रविवारी दुपारी मी आत शिरलो की बायको बाहेरून विचारायची, "आज माणसांनी अंघोळी करायच्या की फोटोंनी, तेवढं सांगा."

आमच्या भिंतीला भिंत लावून यंत्रमागांचं खातं, म्हणजे कापड विणायचा कारखाना होता. चोवीस तास माग चालत. त्यांच्या धडधडीनं मांडणीवरची भांडी किणकिणत आणि एन्लार्जरही थरथरे. म्हणून मोठ्या प्रती मी खात्याच्या सुट्टीच्या दिवशीच काढायचो. बाकी दिवशी पासपोर्ट आकार. त्यात माणूस हलला तरी फारसं बिघडत नाही.

एका वर्षी आमच्या गल्लीत सार्वजनिक नळाचं उद्घाटन झालं. एका नळासाठी मांडव, दोन हार, लाउडस्पीकर आणि चाळीस मिनिटांचं भाषण. फोटो काढायला मी. पुढाऱ्यांनी कॅमेऱ्याकडे बघत तोटी फिरवली. नळातून नुसती हवा आली, बराच वेळ. पुढारी तसेच हसरे उभे राहिले. त्यांना सवय होती. कडेला हंडा घेऊन उभी असलेली एक म्हातारी मात्र तोंड उघडून हसली, आणि मी नेमकं तेव्हाच बटण दाबलं. नंतर पुढाऱ्यांचा माणूस प्रती न्यायला आला तेव्हा म्हणाला, "साहेब मोठे करा, आणि कडेच्या बाया काढून टाका." मी काढून टाकल्या. निगेटिव्ह माझ्याकडेच राहिली.

म्हातारी आमच्या मागच्या चाळीतल्या एका कामगाराची आई होती. मोतीबिंदूसाठी खानदेशातून महिनाभर आली होती. हा मुलगा कापडाच्या फोल्डिंग खात्यात तपासनीस होता. दिवसभर ट्यूबलाइट लावलेल्या टेबलावर तागे उलगडायचे, सुटलेला धागा, तेलाचा डाग शोधायचा, खूण करायची आणि घडी घालायची, हे त्याचं काम. माणूस शांत, पण डोळा कडक.

पुढच्या उन्हाळ्यात आई गावी वारली. तो अंत्यविधीला गेला आणि आठव्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभा राहिला, उंबऱ्याबाहेर.

"सर, नळाच्या टायमाला तुम्ही फोटो काढला होता. त्याच्यात माय होती का?"

"होती. आत या ना."

"सुतकात आहे, आत कसा येऊ?"

आतून बायको म्हणाली, "भाऊ, न्हाणीघरात कसलं आलंय सुतक! या तुम्ही."

तो आला, पण बसला नाही. घरात आईचा एकही फोटो नव्हता. दहाव्याला मांडायला काहीतरी हवं म्हणून थोरल्या भावानं त्याला पाठवलं होतं. संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं. मग खाली बघत म्हणाला, "दहाव्याचं सोडा, सर. मला माय आठवत नाही. हात आठवतात, पायाच्या भेगा आठवतात. तोंड येत नाही. पंधरा वर्षं झाली इथं. वर्षातून चार दिवस जायचो, तेव्हा कोण तोंडाकडे बघतं? इथं आली होती तेव्हाही मी दिवसभर खात्यातच."

मी निगेटिव्ह शोधली. म्हातारीचा चेहरा त्यात मसुराच्या डाळीएवढा होता. घरचा फोटोचा कागद जवळपास संपला होता, म्हणून त्याला दुकानाचं नाव लिहून दिलं आणि स्टेशनपलीकडे पाठवलं. तो दोन तासांनी पाकीट घेऊन आला. वाटेत फोल्डिंग खात्यात रजेचं सांगून आलो, म्हणाला.

आम्ही दोघं आत शिरलो. दार लावलं, लाल दिवा लावला. मी पाकिटातला कागद काढला, उजेड दिला, औषधात सोडला. कागद काळा होत गेला. नुसता काळा. दुसरा घेतला, तोही काळा. तिसरा तर मी उजेड न देताच औषधात टाकला, आणि तोही डांबरासारखा झाला.

"भाऊ, हे पाकीट कोणी उघडलं होतं का?"

"मीच." तो जरा अभिमानानंच म्हणाला. "टेबलावर एक एक कागद तपासला, दोन्ही बाजूंनी. एकातही डाग नाही, सर. माल चांगला आहे."

मला हसू आलं आणि ते मी गिळलं. आयुष्यभर ज्यानं उजेडात धरल्याशिवाय काही घेतलं नाही, त्याला हा कागद उजेड बघताच मरतो हे कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं. शाळेत मुलांना रोज सांगतो की सूचना नीट वाचा. इथं सूचना द्यायलाच विसरलो. मग समजावून सांगितलं. त्यानं दोन्ही हात मागे नेले, जणू आता कशालाच शिवू नये.

बाहेर येऊन मी कपाट उपसलं. एका जुन्या पाकिटाच्या तळाशी दोन कागद निघाले, मुदत संपून कितीतरी दिवस झालेले. एकाच्या पट्ट्या कापून आधी अंदाज घेतला. एवढा लहान चेहरा मोठा करायचा तर यंत्र दांड्याच्या टोकापर्यंत चढवायला लागत होतं आणि उजेड चाळीस सेकंद द्यायला लागत होता. पट्टीवर म्हातारी आली, पण तिला चार डोळे होते. भिंतीपलीकडे माग चालू होते.

"सुट्टी परवा," मी म्हणालो.

"परवा दहावं."

तो चपला न घालता तडक भिंतीपलीकडच्या खात्यात गेला. तिथले निम्मे कामगार त्याच्याच तालुक्यातले. तिथं विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी मिळते. माग उगाच थांबवा असं कोणी कोणाला सांगत नाही. थोड्या वेळानं परत आला.

"खात्यातले मास्तर हो म्हणाले. पाच मिनिटं."

"मला चाळीस सेकंद पुरे."

"सगळे माग काय शाळेच्या घंटेसारखे एकदम थांबतात का, सर?"

आम्ही परत अंधारात उभे राहिलो. एक एक आवाज कमी होत गेला. शेवटचा एक माग उगाच हटून बसल्यासारखा चालत राहिला, मग तोही थांबला. खात्याची सुट्टी सोडली तर, त्या घरात राहायला आल्यापासून मी भर दिवसा तिथं शांतता ऐकली नव्हती. गल्लीत बायको कोणाला तरी सांगत होती, "काही झालं नाही हो, फोटो काढतायत." माग थांबल्यावर विजेचा दाब वाढून यंत्राचा दिवा जरा तेज झाला, म्हणून मी पाच सेकंद कमी मोजले. त्याला शास्त्र म्हणता येणार नाही.

कागद औषधात गेला. बराच वेळ काही नाही. मग पदराचा काठ आला, मग उघडं तोंड, त्यातले दोन दात, आणि सगळ्यात शेवटी, अगदी सावकाश, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या. भिंतीपलीकडे माग पुन्हा सुरू झाले. तो ट्रेवर वाकला होता.

"हाई मनी माय," तो अहिराणीत म्हणाला. मला नाही, तिलाच सांगत असावा.

प्रत करडी होती, कडेला धूसर. ती तासभर पाण्यात ठेवायला हवी होती. दहा मिनिटं ठेवली. वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत ओलीच घालून त्यानं गाडी गाठली.

तेराव्यानंतर तो परतला, तेव्हा मी त्याच्याकडे गेलो. नवीन कागद आणून सुट्टीच्या दिवशी दुसरी प्रत काढली होती, नीट धुतलेली. पहिली वर्षभरात तांबूस पडणार हे मला माहीत होतं. त्याच्या भिंतीवर ती चौकटीत होती, काचेवर गंध लावलेलं. गावी आत्याबाई रागावल्या होत्या म्हणे, दहाव्याला असा हसरा फोटो कोणी मांडतं का! थोरला भाऊ मात्र, "हसू दे, जिवंतपणी कुठं वेळ होता," एवढंच बोलला.

"आता तोंड आठवतं का?" मी विचारलं.

"आठवतं." तो चहाची बशी फिरवत राहिला. "पण हेच आठवतं. परवा म्हटलं, माय रागवायची ते आठवून बघू. लहानपणी लई रागवायची. डोळे मिटले तर ही हसतच समोर. ताप आला तेव्हा रात्रभर उशाला बसली होती, तिथंही ही हसते. बाकीच्या माया गेल्या, सर. एवढीच राहिली."

फोटोमुळे माणूस जपला जातो, असं मी शाळेच्या स्नेहसंमेलनात दोनदा बोललो होतो.

त्यानं माझ्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. "ते काय?"

मी प्रत दिली. त्यानं ती खिडकीपाशी नेली, खूप वेळ बघितली आणि मग विचारलं, "त्या दिवशी तुम्ही आणखी फोटो काढले होते ना? एखाद्यात ती नुसती उभी असेल. हसायच्या आधीची."

त्या रविवारी मी सगळा रोल पुन्हा बघितला. बाकीच्या पस्तीस फोटोंत नुसते पुढारी होते.